मागे घेतलेले पाय

११ जून २०२५, झाँसी

रजनी,

तू सांगितलंस तसंच केलं आहे. उर्वीला काही कळलेलं नाही.

दोन वर्षांनी तुला लिहिते आहे आणि पहिलं वाक्य हे असं, कारकुनाने साहेबाला कळवावं तसं. पण यापलीकडे काही सुचत नाही. अंबरीश गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "कधी?" मग बराच वेळ काही बोलली नाहीस. आणि मग, "उर्वीला तुम्ही सांगू नका. मी येऊन सांगेन. माझ्याकडून एवढं तरी काढून घेऊ नका." मी हो म्हटलं. शब्द दिला आहे.

काल त्याला आणलं. साइटवरचे दोघेजण रायपूरहून रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर आले होते. एकाने त्याचं घड्याळ आणि चष्मा रुमालात बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दीदी, सर सुबह चाय पी रहे थे।" त्याला पुढेही काही सांगायचं होतं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. चहा पीत होता, ट्रान्सफॉर्मर चढवायचं काम सुरू व्हायचं होतं, खुर्चीवरून खाली आला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. गाडी घरी आणलीच नाही, थेट घाटावर नेली. अग्नी ग्वाल्हेरच्या आमच्या चुलतभावाने, विश्वंभरने दिला, दिवसही तोच तिकडे करणार आहे. मी घाटावर गेले. आबा नको म्हणाले नाहीत, पोटच्या मुलापाशी उभे असताना त्यांनी मला पाहिलं की नाही हेही मला सांगता येणार नाही.

उर्वीला शेजारच्या इंदूभाभी सकाळीच बरुआसागरला त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेल्या होत्या. तलाव पाहिला, किल्ला पाहिला, संध्याकाळी पिशवीभर आलं घेऊन परतली. "आत्या, बाबा आला की त्याला आल्याचा चहा." मी हो म्हटलं आणि आलं धुवायला घेतलं. मग आमरस केला. आमरस, रजनी. माझे हात साल काढत होते आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी पाहत होते.

बाबा साइटवर आहे, काम लांबलंय, तिथे रेंज नाही, असं तिला सांगितलं आहे. ती सुटीला मस्कतहून इथे आली तरी तो नेहमीच साइटवर जायचा, त्यामुळे तिला वेगळं वाटलं नसावं.

फोनपेक्षा मेल कर असं तू म्हणालीस ते बरं झालं. घरात ती सतत जवळ असते. मी हे कॉलेजच्या ग्रंथालयात बसून लिहिते आहे. सुटी असल्यामुळे इथे मी आणि कूलर. रोजनिशी लिहायची थांबवली आहे, उर्वीला आता मराठी वाचता येतं.

पासपोर्टचं काय झालं ते कळव. तुझी मस्कतची कंपनी असल्या वेळी तरी तो ठेवून न घेता हातात देईल असं मला वाटलं होतं.

अनुया


१३ जून

रजनी,

तुझं उत्तर पोचलं. जेवते का, झोपते का, विचारते का. जेवते. झोपते. विचारते, जेवताना, रोज: "बाबाचा फोन आला का?" आबा म्हणतात, "येईल हो, रेंज मिळाली की." आणि वरण वाढून घेतात.

"तिच्यासमोर रडू नका" हे तू दोनदा लिहिलं आहेस. नाही रडत. आबा तर माझ्यासमोरही रडत नाहीत. मी मागच्या अंगणातल्या नळावर जाते, भांडी घासायच्या निमित्ताने, नळ मोठा सोडते. आबांच्या काठीचा आवाज आला की थांबते. त्यांचं बायपास होऊन वर्षही झालेलं नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं तर त्यांचा धीर सुटेल अशी मला भीती वाटते. त्यांनाही बहुधा माझ्याबद्दल तसंच वाटत असावं.

आता सुतकाचं. तुला हे आवडणार नाही, तरी लिहिते. मी आबांना म्हटलं होतं, पोरीपासून लपवायचं तर सुतक कसं पाळणार? ते म्हणाले, "लेकरापासून लपवू. देवापासून कसं लपवायचं?" आणि थोड्या वेळाने, "रजनीला कळवलंस ना? तिलाही दहा दिवस आहेत."

"आबा, ते वेगळे राहत होते."

"राहत असतील. सुतक काही कोर्टाला विचारून येत नाही."

तेव्हा तुझ्याही नावाचं सुतक या घरात धरलेलं आहे, हे तुला माहीत असावं.

देवपूजेला रोज रघुनाथ गुरुजी येतात. आपल्याला देवांना हात लावायचा नाही. उर्वीला सांगितलं, आबांचा हात दुखतो. तिने मान डोलावली. त्याच दुपारी आबांनी भरलेली बादली उचलून तुळशीपाशी नेली आणि ती दारात उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होती. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर विचार केला नाही.

आणि काल सकाळची गोष्ट. आंघोळ झाली की ती आधी आबांच्या आणि मग माझ्या पाया पडते, अंबरीशने लहानपणापासून लावलेली सवय. सुतकात नमस्कार करत नाहीत, करूही देत नाहीत. ती वाकली आणि आबांनी पाय एकदम खाटेवर घेतले, चटका बसल्यासारखे. ती माझ्याकडे वळली. रजनी, मी सुतक मानत नाही. आई गेली तेव्हा आबांशी मी यावरून वाद घातलेला आहे. पण ती वाकली आणि माझे पाय मागे गेले. मी नेले नाहीत, ते गेले.

मग मी खोटं बोलले. म्हटलं, "आता तू मोठी झालीस. इथे मुलींनी पाया पडायचं नसतं. इंदूभाभी कुठे पडू देतात?" हे तुला आठवत असेल, तू नवी सून म्हणून आलीस तेव्हा इंदूभाभींच्या सासूबाईंनी उलट तुझेच पाय धरले होते आणि तू घाबरली होतीस. या बुंदेलखंडात मुलगी म्हणजे देवी, तिला वाकू देत नाहीत. खोटं इतकं चपखल बसलं की क्षणभर मला स्वतःचं कौतुक वाटलं. भाऊ जाऊन चार दिवस झालेले नव्हते आणि मी खोटं चांगलं जमलं म्हणून खूश होते.

उर्वी माझ्या पावलांकडे बघत होती. म्हणाली, "अच्छा." आणि खेळायला गेली.

अनुया


१५ जून

रजनी,

वीस तारखेला येते आहेस हे कळलं. दिल्लीहून कोणती गाडी ते कळव.

घरी माणसं येत आहेत. दारातच मी हळू आवाजात सांगते, "अंदर बच्ची है, कुछ कहिएगा नहीं।" ती बसतात, पंख्याकडे बघतात, उर्वीच्या डोक्यावर हात ठेवतात, चॉकलेट देतात. मग काही न बोलता उठून जातात. तिच्याकडे चॉकलेटचा ढीग झाला आहे. तो तिने उंचीप्रमाणे लावून ठेवला आहे. एकही खाल्लेलं नाही.

तिने नवीन खूळ काढलं आहे. दिसेल त्याच्या पाया पडते. परवा गॅसवाल्याच्या पडली. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा, "अरे बेबी, हम तो छोटे आदमी हैं," पण हसला आणि तिच्या डोक्याला हात लावला. काल रघुनाथ गुरुजींच्या पडली, त्यांनी "आयुष्मती भव" म्हटलं. इंदूभाभींकडे गेली तर त्या किंचाळल्याच, "हाय दइया, बिटियन सें पाँव नईं पड़वाउत हम, काए पाप चढ़ाउतीं," आणि त्यांनीच तिचे पाय शिवून हात डोळ्यांना लावले. ती खदखदून हसत होती. विश्वंभरची बायको ग्वाल्हेरहून आली होती, तिच्यापुढेही वाकली. ती बिचारी घाबरून भिंतीला टेकली. मी हाक मारली, "उर्वी, पुरे आता, काय माकडचाळे चाललेत." ती म्हणाली, "झालं माझं."

तुला खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते. तिच्या हसण्याचा मला राग आला. जेवताना "बाबाचा फोन आला का?" विचारते तेही आता मोठ्याने, आबांकडे बघून, पापड आहे का विचारावं तशा सुरात. काल आबांना म्हणाली, "बाबा तुमच्यासाठी रायपूरची साडी आणणार आहे," आणि आबाही हसले. मी उठून आत गेले. मनात आलं, ही मस्कतची झाली, हिला बापाचं काही नाही. तिला माहीतच नाही हे मीच ठरवलेलं, आणि मग तिला दुःख नाही म्हणून रागही मीच करते आहे. माझ्या डोक्याचं काहीतरी बिघडलं आहे.

अनुया


१७ जून

रजनी,

हे कसं लिहावं ते मला कळत नाही. सकाळपासून इथे बसले आहे. ग्रंथालयाच्या शिपायाने दोनदा येऊन विचारलं, "मैडम, तबियत?"

जसं झालं तसं सांगते.

काल दुपारी मी नळावर होते. नळ मोठा सोडलेला. आतून काठीचा आवाज आला, आबा उठले होते. मी तोंड पुसायला पदर शोधत होते, आणि आतून उर्वीचा आवाज आला, "आबा, इकडे या ना, पत्ते खेळू. तुम्ही पिसा." काठी थांबली. खुर्ची सरकली. मग उर्वी मागच्या दाराने आली, हातात टॉवेल घेऊन, आणि दार लोटून घेतलं.

"रडून घे," म्हणाली. "मी त्यांना पिसायला बसवलंय. त्यांना पिसायला खूप वेळ लागतो."

मी म्हटलं, "मी कुठे रडतेय? साबण गेला डोळ्यांत."

तिने साबणाच्या वडीला बोट लावलं. वडी कोरडी होती. तिने टॉवेल माझ्या तोंडावर धरला, आपण तिला आंघोळीनंतर पुसायचो तसा, आणि टॉवेलच्या पलीकडून म्हणाली, "बाबा गेला ना?"

मी 'साइटवर' म्हणायला तोंड उघडलं. तिने मान हलवली. नको, अशी.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"इंदूभाभींनी?"

"नाही गं. तुम्हीच."

मी भांड्यांशेजारी ओल्यात बसले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात, शाळेतला धडा समजावून द्यावा तसं मला सांगू लागली. आजी गेली तेव्हा ती इथेच होती. मी ते विसरले होते, रजनी. तेव्हा अंबरीशने तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं होतं: दहा दिवस कुणाच्या पाया पडायचं नाही, कुणी पडू देणार नाही. देवांची पूजा दुसरं कुणी येऊन करेल. माणसं भेटायला येतील आणि जाताना 'येतो' म्हणणार नाहीत, तशीच उठून जातील. तिने विचारलं होतं, असं का? तो म्हणाला होता, का ते मलाही नीट माहीत नाही, आपण फक्त बघायचं.

"आधी मला वाटलं, तू म्हणतेस तसंच असेल," ती म्हणाली. "म्हणून सगळ्यांच्या पडून बघितलं. गॅसवाल्या भैयाने पडू दिलं. गुरुजींनी पण. इंदूभाभी तर नेहमीच तसं करतात, त्यांचं नाही धरलं. ग्वाल्हेरची काकू मागे झाली, ती आपल्यातलीच. मग घरातलंच कुणीतरी गेलं."

"मग?"

"मग काय. तू इथे. आबा तिथे. आईचा फोन येतो, कॅमेरा बंद ठेवते, पण आवाज तिचाच असतो. विश्वंभरकाका काकूला घ्यायला आले होते. बाबाचाच आवाज येत नाही ना."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पुढचं सांगितलेलं मला झेपेल का, असं.

"मला का नाही विचारलंस, बाळ?"

"तू आबांपासून लपवत होतीस ना."

मला कळेना. ती म्हणाली, आबांची काठी वाजली की तू रडायची थांबतेस. ते आले की टीव्ही मोठा करतेस. दारात सगळ्यांना हळूच काहीतरी सांगतेस आणि मग ते आबांसमोर गप्प बसतात. आबांचं ऑपरेशन झालंय, म्हणून तू त्यांना सांगितलेलं नाहीस. "पण तुला नीट जमत नाही, आत्या. खोटं बोलायच्या आधी तू चष्मा पुसतेस. तुझा चेहरा एकदम उतरतो. आबांना शक आला असता. म्हणून मी विचारायचे, बाबाचा फोन आला का. जोरात."

रजनी, मी पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःला अजून हे खरं वाटत नाही. आठ वर्षांची मुलगी, बाप गेलाय हे ओळखून, रोज दोन्ही वेळा ताटावर बसून बापाचा फोन आला का विचारत होती. म्हाताऱ्याला कळू नये म्हणून. आणि म्हातारा तिला कळू नये म्हणून "येईल हो" म्हणत होता. मध्ये मी बसलेली, आणि तिच्या हसण्याचा राग मानत होते. ते खुळं हसणं तिने कुठून आणलं असेल?

नळ तसाच चालू राहिला, टाकी संपली तेव्हा आमच्या लक्षात आलं. आतून आबा म्हणाले, "उर्वी, पिसून झाले हो." ती ताडकन उठली. जाताना म्हणाली, "आबांना सांगू नकोस. आणि आईलाही नको सांगू."

"आईला का नाही?"

"ती मला सांगणार आहे ना. फोनवर म्हणते, मी आले की आपण खूप बोलू. आई असं कधी म्हणत नाही. तिला सांगू दे. मी रडेन नीट."

मी रडेन नीट.

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणि आज तुला सगळं लिहिते आहे. हा तिचा विश्वासघात असेल. न लिहिणं हा तुझा झाला असता. रात्रभर दोन्ही उलटसुलट करून पाहिलं. तू दिल्लीची गाडी धरून, वाटेत शब्द जुळवत येशील, ती तुझ्यासमोर बसून ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकेल आणि मी दारात उभी राहून बघेन, हे मला करता येणार नाही. आबांचं काय करायचं ते मला कळत नाही. लवकर लिही.

अनुया


१८ जून

रजनी,

"तुमच्या सुतकाने सांगितलं तिला." हो. तू लिहिलंस ते खरं आहे. आम्ही जीभ आवरली, तेवढ्याने झालं असं धरून चाललो.

"मग मी आता काय सांगायला येऊ?" हे वाक्य मात्र मी बऱ्याच वेळा वाचलं. तू एकच गोष्ट मागितली होतीस आणि ती या घरात तुझ्यासाठी उरली नाही. माफी मागून ती परत येणार नाही, म्हणून मागत नाही.

तू लिहिलंस, आबांना माहीत आहे हे तिला आजच्या आज सांगा, एक दिवसही तिला तसं हसू देऊ नका. ते मी केलं. कसं झालं ते तुला कळायला हवं, कारण परवा तुला तिच्यासमोर उभं राहायचं आहे.

आधी आबांना एकट्याला गाठून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मी सांगत असताना ते पूर्ण वेळ आपल्या पावलांकडे बघत होते. मग म्हणाले, "मीच आधी पाय वर घेतले."

सकाळी पोह्यांच्या बशा घेऊन बसलो. उर्वीने आबांच्या बशीत लिंबू पिळलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आत्या, बाबाचा फोन?"

मी चष्म्याकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. तेवढ्यात आबाच म्हणाले, "उर्वी, बाळा, बाबा गेला. मला ठाऊक आहे. मी घाटावर होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी फितूर झाले. मग तिला कळलं की घाट म्हणजे तो पहिलाच दिवस. ती बरुआसागरला तलाव बघत होती तो दिवस. तेव्हापासून आबांना माहीत होतं. हे तिच्या चेहऱ्यावर एकेक करून येताना मला दिसलं. मी तिच्याइतकी हुशार नाही, पण तेवढं दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, बाळा."

"मग मी कुणासाठी हसत होते?"

आरडाओरडा नाही. प्रश्न विचारावा तसं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. आबांचा घास हातात होता. मी काहीतरी म्हणाले, आमचं चुकलं, आम्हाला वाटलं, असलं काही. ती मला मध्येच म्हणाली, "गाणं पण म्हटलं मी. काकू आली त्या संध्याकाळी. मला माहीत झालं होतं आणि मी आबांसाठी गाणं म्हटलं." तेव्हा तिचा ओठ पहिल्यांदा हलला. मग तिने आबांच्या दंडावर मूठ मारली, पुन्हा मारली, आणि आबांनी तिला मारू दिलं. आणि मग ती रडली, रजनी. नीट नाही. नाकातोंडातून, उचक्या देत, पोह्यांची बशी उपडी झाली, अंगावर येईल तसं. आबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या केसांत तोंड घातलं आणि तेही रडले. मी आबांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. कुणीही नळावर गेलं नाही. भिंतीपलीकडे इंदूभाभींनी आवाज ऐकला असणार, त्या दारापर्यंत आल्या आणि आत न येता परत गेल्या.

हे तुझ्या वाट्याचं होतं. तू इथे असायला हवी होतीस. दहा वर्षं तुझ्याशी भांडले, पण हे मी मनापासून लिहिते आहे.

त्यानंतर ती आमच्या दोघांशी बोललेली नाही. दुपारी मी केस विंचरायला बसवलं तेव्हा फक्त एकदा बोलली.

"आई रडली का?"

मी म्हटलं, "कधी?"

"बाबा गेला तेव्हा. तू फोन केलास ना तिला. रडली?"

या प्रश्नाला माझ्याकडे तीन-चार खोटी उत्तरं तयार होती, आणि सगळी चांगली होती. खूप रडली म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, तुलाही सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. ती काही बोलली नाही. बराच वेळ नुसती फोनवर होती."

तिने विचार केला आणि मान डोलावली. ते उत्तर तिने कुठे ठेवलं ते मला माहीत नाही.

मी तुला विचारत नाही, रजनी. मला तो अधिकार नाही, आणि दोन वर्षांपूर्वी कोण कसं वागलं याचा हिशेब या मेलमध्ये नको. पण ती विचारेल, किंवा विचारणारही नाही, गाडीच्या दारातून तू उतरशील तेव्हा नुसती बघेल. तिच्याशी काय बोलायचं ते वाटेत ठरवू नकोस. अंबरीशचा तुला अजून राग असेल तर तो घेऊनच उतर, तो तिला कळेल आणि चालेलही. रडली नसशील तर रडल्याचं दाखवू नकोस. काय करावं हे मी तुला सांगावं असं माझं काही नाही. मी फक्त सावध करते आहे.

स्टेशनवर आम्ही तिघंही येणार आहोत. आबा हट्ट धरून बसले आहेत, ऊन आहे म्हटलं तर ऐकत नाहीत. परत जाताना तू तिला घेऊन जाशील याची त्यांना कल्पना आहे. मलाही आहे. कपडे धुऊन ठेवले आहेत.

आज मी घरूनच लिहिते आहे, तिच्यापासून लपून लिहिण्यासारखं आता काही नाही. ती पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर बसली आहे. आठवडाभर ती आमच्याकडे तोंड करून बसत होती, आता आमच्याकडे पाठ केली आहे. मी मघापासून त्या पाठीकडे बघते आहे. ती रडते आहे की रस्ता बघते आहे, मला काही कळत नाही. आणि मला कळत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

अनुया